स्वल्प आण्णा

उमरग्यात त्यांचं खरं नाव विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येणार न्हाय, पर स्वल्प आण्णा म्हणलं की रिक्षावाला दारात आणून सोडायचा. स्वल्प म्हंजे कानडीत थोडंसं. आण्णांच्या घरात कानडी, बाजारात मराठी, आन् कामात दोन्हीची खिचडी. संबळ स्वल्प मागं घ्या, गाणाऱ्या मावशीला स्वल्प पुढं उभं करा, चहात साखर स्वल्प जास्त टाका. कंप्युटरवर बटण फिरवताना तर त्यांचं बोट हललं का न्हाय तेबी कळायचं न्हाय. म्या डोळं फाडून बघायचे, आन् गाणं मातर पार बदलून गेलेलं असायचं.

हायवेच्या मागल्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तरीबी ट्रकचा हॉर्न वाजला की गाणं थांबवायला लागायचं. देवीची गाणी म्हणणारे आराधी मेळे, भजनी मंडळं, हळदीची गाणी म्हणणाऱ्या बाया, सगळे तिथंच आवाज भरायला यायचे. म्या पयल्यांदा गेले ती जळकोटच्या मेळ्यासंगट, झील धरायला, म्हंजे मेळ्यात म्होरं गाणाऱ्या मावशीनं ओळ सोडली की मागनं ती उचलायची. लेक कडेवर. तवा म्या जळकोटातच भावाच्या घरी येऊन ऱ्हायले व्हते. मालकांचा हात लई चालायचा, लेक झाल्यावर तर जास्तीच, मंग एक दिस तिला दुपट्यात गुंडाळली आन् एसटीत बसले. भावानं घरात घेतलं, वैनीनंबी घेतलं, पर रोज कुणी ना कुणी म्हणायचंच, अशी किती दिस ऱ्हाणार. मला परत जायचं न्हवतं, आन् जायचं न्हाय हे तोंडानं म्हणायची हिंमतबी न्हवती.

त्या दिशी गाणं झाल्यावर आण्णांनी वाजवून दाखवलं. बाया खूश. मावशी म्हणली, "अगं बया, म्या तर टीव्हीतली झाले." माझ्या तोंडातनं निसटलं, "मावशीचा आवाज रबरावानी लागतोय." बोलले आन् जीभ चावली.

आण्णांनी खुर्ची वळवली. "पुन्हा बोल पोरी."

"चुकून बोलले आण्णा."

"चुकून न्हाय, बराबर बोललीस. ह्ये रेडिमेड हाय. फिटिंग मारायचं ऱ्हायलंय."

रेडिमेड म्हंजे प्रिसेट. कंप्युटरात आवाजाची यंत्रं असत्यात, त्यांला प्लगइन म्हणत्यात, पडद्यावर नुसती बटणंच बटणं. ती बटणं कुणीतरी लांब परदेशात बसून आधीच लावून ठेवलेली असत्यात, आपण नाव निवडायचं की आवाज झटक्यात पालटतो. आण्णा म्हणायचे, "ज्यानं ह्ये शिवलं त्यानं आपली मावशी बघितली का? त्यानं त्याच्या गावातली बाई बघून झंपर शिवलं. कापड चांगलं असतंय, घ्यावं की. पर मावशीच्या दंडाला टीप आपणच मारायची." मावशीचा जो हेल असतो, वर जाऊन हळूच घसरत खाली येतो, तो ते यंत्र चूक समजून सरळ करत व्हतं. आराध्यांच्या गाण्यात तो हेल गेला तर काय ऱ्हायलं? आण्णांनी बटण मागं घेतलं, अजून स्वल्प मागं, आन् मावशी परत आली.

थोड्या दिसांनी त्यांचा भावाला फोन आला. "त्या पोरीला पाठवा कामाला. कान हाय तिला." वैनी म्हणली, "कान तर आमालाबी हायत." तरी पाठवलं.

म्या नववी नापास. माऊसला हात लावायला भ्यायचे, काय दाबलं आन् सगळं पुसलं गेलं तर? आण्णांनी पयलं तेच शिकवलं. "बटणं पायजे तेवढी वाकडीतिकडी कर. रेडिमेडचं नाव पुन्हा निवडलं की जिथल्या तिथं. इथं भ्यायचं कायच न्हाय." इथं भ्यायचं न्हाय असं कुणी म्हणलेलं म्या लई दिसांनी ऐकलं, आन् लेकीला पाजायच्या निमतानं दुसऱ्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

इंग्रजी अक्षरं एकेक जोडून वाचायचे. एकदा अणदूरच्या बायांची हळदीची गाणी आली, लग्नाच्या दिशी स्पीकरवर लावायला. आण्णा जेवायला गेले व्हते. आवाज घुमवायच्या यंत्रात नावं बघितली तर एक 'लार्ज हॉल'. म्हणलं, झालं, लगीन तर हॉलमधीच हाय, मोठं मंगल कार्यालय धरलंय, ह्येच असणार. लावलं. आण्णांनी येऊन ऐकलं तर नवरीचं नाव कुठं आन् नवऱ्याचं कुठं, सगळं एकात एक घुसलेलं, जसं काय बाया विहिरीत उतरून गात्यात. "ह्ये का घेतलंस?" म्हणले. कारण सांगितलं तर डोळ्यांतनं पाणी येस्तोवर हसले. मंग म्हणले, "अगं, कार्यालयात लावल्यावर कार्यालय घुमंलच की आपलं आपण. त्यात अजून एक कार्यालय तू घातलंस. वऱ्हाड सापडायचं कसं?" आन् मला पुसू दिलं न्हाय. म्हणले, "मागं घेत ये. कुठं नवरीचं नाव ऐकू येतंय ते तू बघ."

लेक तिथंच झोळीत झोपायची. ती कुरकुरली की गाण्यात यायची, म्हणून म्या गेट लावायचे. गेट म्हंजे फाटक, मोठा आवाज आला की उघडतं, बारीक आवाज अडवतं. रेडिमेड गेट लई कडक. लेक गेली, पर मावशीचा श्वासबी गेला. आण्णा म्हणले, "माणूस दम घेतंय ते ऐकू आलं पायजे, न्हायतर भूत गातंय. स्वल्प उघड. पोरगी आली तर येऊ दे, आजीच्या गाण्यात नात नडती व्हय?" ते गाणं अजून गावोगाव वाजतंय. शेवटाला एक बारीक उंऽऽ ऐकू येतं, ती माझी लेक हाय.

सगळ्यात अवघड म्हंजे त्यांचं विचारणं. डोळं मिटायला लावायचे, यंत्र चालू करायचे, बंद करायचे. "आता? आन् आता? तुला काय वाटतंय?" म्या म्हणायचे, तुमीच सांगा आण्णा. ते यंत्र पुन्हा चालू-बंद करायचे. एकदाच म्हणले, "म्या सांगितलं तर तो माझा कान झाला."

मंग एक दिस दुपारी दीर आन् चुलत सासरे आले, संगट माझा भाऊ खाली मान घालून. नांदायला चल म्हणले. मालक आले न्हवते. म्या लेकीला एवढी घट्ट धरली की ती रडायला लागली. दीर म्हणला, "असल्या ठिकाणी सुनेनं बसावं का? लोक काय म्हणत्यात?" सासरे म्हणले, "हात सगळ्यांचाच उठतो, म्हणून काय घर सोडत्यात का?" शेवटी सासरे आण्णांकडं वळले. "तुमी वडीलधारे हाव. तुमीच समजावून सांगा हिला."

म्या आण्णांच्या तोंडाकडं बघत व्हते. वाटलं, आता ह्यांनी शब्द टाकला तर वाचले, न्हायतर चालले. आण्णांनी खुर्ची वळवली आन् रोजच्याच आवाजात विचारलं, "पोरी, तुला काय वाटतंय?"

मला तवा त्यांचा राग आला, खरं सांगते. मंग तोंडातनं निघालं, "म्या न्हाय येत."

"काय म्हणली?" दीर पुढं सरकला.

आण्णा म्हणले, "ऐकू आलं न्हाय त्यांला. स्वल्प मोठ्यानं."

"म्या न्हाय येणार. मारून घ्यायला न्हाय येणार, आन् माझी लेकबी न्हाय देणार." हे एवढं मोठ्यानं निघालं की बाहेर थांबलेले भजनी मंडळातले दोघं आत डोकावले. आण्णा उठले, त्यांच्यातनं वाट काढून पाव्हण्यांला दारापतूर घालवायला गेले आन् म्हणले, "ऐकलंत न्हवं? चहा घेऊन जावा." त्यांनी घेतला न्हाय. भाऊ मातर मागं ऱ्हायला, लेकीला माझ्याकडनं घेतली आन् म्हणला, "तुझं काम उरक, मंग संगट जाऊ."

पुढं आण्णांचा एक कान गेला, मंग दुसराबी मंद झाला. तवा ते माझ्या तोंडाकडं बघून गाण्याचं ठरवायचे. त्यांच्या लेकीनं त्यांला हैदराबादला नेलं. जाताना मला म्हणले, "खोल्या झाडत जा. आवाज लोक घेऊन येतीलच." तिकडंच गेले ते. मला मातीला जाता आलं न्हाय, माझी लेक तापानं फणफणली व्हती. त्या दिशी म्या कंप्युटर चालू केला न्हाय, बाकी कधी बंद ठेवला न्हाय.

आता म्या उमरग्यातच खोली घेऊन ऱ्हाते, आन् दिसभर आण्णांच्याच खोल्यांत गाणी भरते. अजूनबी दारावर थाप पडली की आधी लेकीला मागं घेते, मंग कडी काढते. दारात कुणीतरी संबळ न्हायतर पेटी काखोटीला मारून उभं असतं आन् विचारतं, "गाणं भरणाऱ्या बाई कुठं हायत?"

म्या म्हणते, "म्याच."