बायकोच्या साखरेचा आकडा

भोकरदनच्या शाळेतून मी निवृत्त झालो, त्याच वर्षी साखरेनं माझ्या बायकोची नजर गेली. रोज चार-चार वेळा टोचून तिच्या बोटांची चाळण झाली होती, म्हणून संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिच्या दंडावर सेन्सर लावून दिला. मोबाइल जवळ नेला की आकडा दिसायचा. तो तिला मी वाचून दाखवायचो.

पहिले काही दिवस खरं सांगितलं. पण अर्धी भाकरी आणि बिनसाखरेचा चहा यावर राहूनही आकडा तीनशेच्या खाली येईना. तो ऐकला की ती ताट सरकवून द्यायची. शेवटी मी खोटं बोलायला लागलो. इन्सुलिनच्या पेनची चकती फिरवून डोस खऱ्या आकड्याप्रमाणेच द्यायचो, सांगायचो मात्र कमी.

एका दुपारी मी म्हणालो, "आज एकशे साठ. उतरली बरं का!"

ती म्हणाली, "अहो, पेन फिरवताना खटके वाजतात. मी रोज मोजून राह्यले. एक बी कमी झाला न्हाई."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला बरं वाटत होतं ना."

सेन्सरची मुदत संपली तेव्हा दुसरा लावायचा का, असं मी विचारलं.

"नका," ती म्हणाली. "कळून काय करायचंय?"

मी सेन्सर सोलून काढला. खाली गोल, पांढरट डाग उमटला होता. त्यावरून बोट फिरवत ती बराच वेळ बसली. आता इन्सुलिन किती द्यायचं ते ठरवायला मी पुन्हा तिची बोटं टोचतो. आकडा किती आला, हे ती विचारत नाही.