मेंढरालाबी असं चारत न्हाई
बिस्किटाचा पुडा फोडला की त्या वासासरशी बीडमधली माझी थेरपीची खोली आठवते. उमापूरकडचे एक मेंढपाळ आजोबा न बोलणाऱ्या नातीला घेऊन आले होते. बिस्किटाचा तुकडा तिच्यापुढे धरून मी म्हणत होते, “माझ्याकडं बघ, मग देते.” तिनं हात पुढे केला की मी मागे घ्यायचे. चौथ्यांदा आजोबा हळूच म्हणाले, “मॅडम, आमी मेंढरालाबी असं झुलवून चारत न्हाई.” मी घाईघाईनं पद्धत समजावू लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नातीला कडेवर घेतलं आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत. हल्ली मी घरच्यांना आधी विचारते, तुम्ही लेकराला कसं शिकवता? त्या आजोबांना हे विचारायला दोन मिनिटंही लागली नसती. पोरगी बोलू लागली का, ते मला अजून ठाऊक नाही.