सूक्ष्मदर्शकातले डोळे

हुडकेश्वरला राहणारी माझी मोठी आई, म्हणजे वडिलांची थोरली वहिनी, दोन बकऱ्या पाळते. मागच्या भादव्यात त्या बकऱ्यांच्या तिन्ही पिल्लांना हगवण लागली. आदल्याच दिवशी शेजारीण फाटकाशी उभी राहून म्हणाली होती, "कित्ती गोड पिल्लं वं!" झालं, नजर लावणारी आरोपी सापडली. मिरच्या ओवाळल्या, शेजारणीशी बोलणं बंद झालं, हगवण मात्र सुरूच.

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, विष्ठेचा नमुना आणा. मला खोडी सुचली. मोठ्या आईला सांगितलं, "डॉक्टरीणबाईनं शेजारणीले साक्षीदार म्हणून आणाले सांगितलं." शेजारणीला सांगितलं, "मोठी आई तुम्हाले सोबत बोलावून राहिली." दोन्ही धादांत खोटं.

ऑटोत दोघी दोन टोकांना, मधे मी, मांडीवर आइस्क्रीमच्या डब्यात नमुना. नंदनवनच्या दवाखान्यापर्यंत दोघी आपापल्या बाजूनं बाहेर बघत बसल्या. ऑटोवाल्यानं तेवढं विचारलं, "कुल्फी है क्या भैया?"

डॉक्टरीणबाईंनी काचेवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "कॉक्सिडिया. आतड्यात वाढणारे परजीवी. हे त्यांचे कोश, बघा."

मोठी आई एक डोळा मिटून वाकली. कोश लंबगोल होते, प्रत्येकाच्या मधोमध काळसर ठिपका.

"अगा बाबू, हे तं डोयेच हायेत!" तिनं विजयी मुद्रेनं शेजारणीकडे पाहिलं.

शेजारीणही वाकली. बराच वेळ बघून शांतपणे म्हणाली, "माहे डोये एवढे बारीक हायेत का वं?"

आधी डॉक्टरीणबाई हसल्या, मग पदर तोंडाला लावून मोठी आई.

"चारा खाली टाकता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "ओल्या जमिनीवरचा, घाण लागलेला चारा खाल्ला की हे पोटात जातात."

"टाकतो," मोठी आई म्हणाली. एवढा बारीक आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

परतताना दोघींचं बोलणं सुरू झालं आणि दोन मिनिटांत माझं खोटं उघडं पडलं. त्याच संध्याकाळी दोघींनी मिळून गोठा खरवडून कोरडा केला, शेजारणीच्या जुन्या खिडकीची जाळी टांगून त्यात चारा भरला. मला शिक्षा झाली: रोज ऑफिसआधी येऊन औषध पाजायचं.

दोन पिल्लं लवकर सावरली. तिसरं, सगळ्यात अशक्त, आठवडाभर माझ्या इस्त्रीच्या शर्टावर औषध थुंकत राहिलं. ऑफिसात साहेबांनी वासानं खुर्ची लांब सरकवली. मग एका सकाळी ते पिल्लू माझ्या हातून निसटलं आणि थेट अंगणाच्या कठड्यावर चढून बसलं. त्याला खाली उतरवता उतरवता माझी बस चुकली.