आपांनी वाचलेली मालिका

भोकरदनला माझं पिको-फॉलचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. साडी घेऊन आलेल्या बायका मशीन चालू असेपर्यंत बाकावर बसतात आणि बसल्या की मालिकांचं बोलणं निघतं. कोरियाच्या, चीनच्या, जपानच्या. हिंदीत डब केलेल्या या मालिका आमच्या गल्लीत आधी मी बघितल्या. त्यामुळे एखादीची मालिका संपली, की ती माझ्याकडे यायची. "ताई, असंच दुसरं कोणतं हाय?"

सुरुवातीला मी चुकायचे. एकीला डॉक्टरची मालिका आवडली म्हणून मी दुसरी डॉक्टरचीच सांगितली, तर ती फणकारत आली, "त्याच्यात निस्तं रक्तच हाय की वो!" मग कळलं, तिला डॉक्टर नव्हे, त्याची थट्टेखोर आई आवडली होती. तेव्हापासून मी मालिका कशाबद्दल होती ते विचारत नाही. "कोणत्या जागी तुम्हाला उठूच वाटलं न्हाई?" एवढंच विचारते आणि त्यावरून सुचवते. बहुतेकदा बराबर लागतं.

शेजारच्या घरातली सून माझी जिवाची मैत्रीण. तिच्या सासूला सगळी गल्ली आपा म्हणते. आपा उर्दू शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर त्यांचे कान गेले. यंत्र लावून पाहिलं, पण त्यातून नुसती खरखर यायची, म्हणून ते कपाटात गेलं. हळूहळू त्यांनी बोलणंही सोडलं. आपलाच आवाज ऐकू येत नाही, तर आपण ओरडतोय की पुटपुटतोय हे कसं कळणार, याची त्यांना लाज वाटायची. पाहुणे आले की त्या आतल्या खोलीत जाऊन बसायच्या.

एकदा मैत्रीण बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "सगळ्या गल्लीला सांगतीस, आमच्या अम्मीला बी सांग की एखादी." बोलली थट्टेत, पण तोंड वळवून डोळे पुसले.

मी विचारलं, "कान होते तवा त्यांना काय आवडायचं?"

"रेडिओवरची नाटकं. त्यात बापाला तोंडावर जाब विचारणारी पोरगी असली, तर रोटी तव्यावर जळाली तरी उठायच्या न्हाईत."

मी शोधायला लागले. आपांना हिंदी वाचता यायचं, पण अक्षर लावून लावून. पडद्याखालची ओळ त्यांची वाचून व्हायच्या आत निघून जायची. उर्दू मात्र त्या नजर टाकताच वाचत. तुर्कस्तानच्या काही मालिकांखाली उर्दू येतं असं समजलं. पण मला उर्दूचं एक अक्षर येत नाही. उजवीकडून डावीकडे जाणारं वळणदार काही दिसलं, की मला तेच उर्दू वाटायचं. मोठ्या ऐटीत पहिली मालिका घेऊन गेले. आपांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि परत दिला. "ये फारसी है, बेटा." दुसरी अरबी निघाली. तेव्हा मात्र त्या खुदकन हसल्या.

मग मी आधी मैत्रिणीला दाखवूनच पुढे जायचं ठरवलं. उर्दू सापडायचं, पण गोष्ट आपांची नसायची. कुठे राजे-राजवाडे, कुठे मारामारी. शेवटी एक मिळाली. समुद्राकाठच्या गावातला पाव भाजणारा आणि त्याची मुलगी. बाप भट्टी विकायला निघतो आणि ही पिठाने माखलेल्या हातांनी त्याची वाट अडवून उभी राहते. भाषा मला कळत नव्हती, तरी ते उभं राहणं बघून मी म्हणाले, "हीच!"

रविवारी दुपारी मैत्रिणीच्या घरी टीव्हीला जोडणी केली आणि आपांना आग्रहाने बाहेर आणलं. माझ्यामागून गल्लीतल्या बायकाही आल्या. मालिका तुर्की बोलत होती, खाली उर्दू धावत होतं आणि बायका चुळबुळत होत्या. "काय बोलून राह्यली ती? काहीच समजना." एकजण तर पदर सावरून उठलीच.

तेवढ्यात ती मुलगी बापासमोर आली. आपांचे ओठ हलायला लागले. मग आवाज फुटला, आधी घोगरा, मग खणखणीत.

"अब्बा, ये भट्टी ठंडी नहीं होगी। आप थक गए हैं, मैं नहीं थकी।"

सगळी खोली त्यांच्याकडे वळली. त्यांना पत्ता नव्हता. बापाचं उत्तर त्यांनी जड आवाजात वाचलं, मुलीचं पुन्हा धारदार. मैत्रिणीने माझं मनगट गच्च धरलं होतं. उठलेली बाई होती तिथेच खाली बसली.

भाग संपल्यावर आपांचं लक्ष आमच्याकडे गेलं. त्यांनी ओढणी तोंडावर घेतली. "बहुत ज़ोर से बोली क्या मैं?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि दोन्ही हात वर करून दाखवलं, आणखी मोठ्याने! उठून चाललेली बाई सरकत सरकत त्यांच्या पुढ्यात गेली, टीव्हीकडे बोट करून हातानेच नको म्हणाली आणि आपांकडे बोट करून आपल्या कानामागे तळवा धरला, तुमचंच ऐकायचंय.

त्यानंतर दर रविवारी ती खोली भरायला लागली. माझी आई हसनाबादहून एसटीने यायची. आपा रिमोट स्वतःकडे ठेवायच्या, अवघड शब्द आला की थांबवून मराठीत सांगायच्या. कोणी कुजबुजलं तर त्यांना ऐकू जायचं नाही, पण हलणारे ओठ दिसायचे. "ए, तिकडं! बाहेर जाऊन बोला." निम्म्या वर्गाला आजी म्हणणारी नातवंडं होती, तरी सगळ्या गप्प.

शेवटच्या भागाला दारात चपलांचा ढीग होता. मुलगी भट्टी पेटवते, बाप तिच्या हातचा पहिला पाव तोडतो आणि काहीतरी बोलतो. आपांनी ती ओळ वाचली आणि त्यांचा आवाज थेट रस्त्यापर्यंत गेला. "बेटी, आज से दुकान पर तेरा नाम।"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपांना तो ऐकू आला नाही, पण एवढे हात हलताना दिसले. त्या उठल्या, ओढणी नीट केली आणि तीनही बाजूंना वळून आदाब केला. मैत्रीण रडत होती, हसत होती. मी मात्र रडले नाही. मी टाळ्या वाजवत होते, तळहात लाल होईपर्यंत.