पुणे ते नागपूर: परत फिरलेले विमान आणि शेजारची रिकामी जागा

वसुधा श्रीधर आगटे, तुझे नाव लोहगाव विमानतळावर तीन वेळा पुकारले गेले. चूक माझी. तिकिटे काढताना ॲपमध्ये साठवलेल्या आपल्या दोघांच्या नावांपुढे मी सवयीने खूण केली आणि चेक-इनही दोघांचे केले. नाव पुकारले जात असताना मी पुढे होऊन काही सांगितले नाही.

वाचकांसाठी खुलासा: माझी पत्नी अखेरची दोन वर्षे नागपूरच्या एका महाविद्यालयात शिकवीत होती व भाड्याच्या खोलीत राहत होती. मी तेथे एकदाही गेलो नाही. अंतर फार, हे माझे कारण. विमानाला जेमतेम दीड तास लागतो. तिच्या निधनानंतर खोली आवरण्यासाठी दोनदा निघालो आणि दोनदा बेत रद्द केला. आता नवे भाडेकरू येणार होते. या खेपेस गेलो नसतो, तर तिचे सामान परक्या हातांनी बांधले असते.

उड्डाणानंतर वीस मिनिटांनी उजवीकडून मोठा आवाज झाला व विमान थरथरले. वैमानिकाने संथ स्वरात सांगितले की एक इंजिन बंद केले आहे, दुसऱ्यावर विमान सुरक्षित उडते, तथापि पुढे न जाता आपण पुण्यास परतत आहोत.

मागच्या रांगेत एक गृहस्थ म्हणाले, "एक चालू आहे ना? मग चला की पुढे."

"तुमची स्कूटर नाही ही, एका ब्रेकवर दामटायला," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "गप्प बसा आणि पट्टा लावा."

आम्ही सुखरूप उतरलो. खरे लिहायचे तर मला सुटल्यासारखे वाटले. बेत रद्द करण्यास या वेळी सबळ कारण होते. (अशा प्रसंगी रांग सोडू नये, नाश्त्याची कुपने तेथेच मिळतात. उपमा कोमट होता.)

विमान कंपनीच्या खिडकीवरील मुलीने विचारले, "सर, चारच्या फ्लाइटने जाणार की तिकीट कॅन्सल करू? आपण दोघे आहात ना? मॅडम कुठे आहेत?"

"त्या वारल्या," मी म्हणालो. हे वाक्य मी तोवर कोणापुढेही उच्चारले नव्हते. सर्वांना कळवण्याचे काम माझ्या भावाने केले होते.

"सॉरी, सर. मग कॅन्सल करू?"

"त्यांचं करा. मला चारचं द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात तर्री-पोहे खाऊन खोलीवर गेलो. तर्री बेताने घ्यावी. घरमालकीण बोंद्रेकाकूंनी गॅलरीचे दार उघडले. तेथे दोन खुर्च्या होत्या.

"मॅडमनं मागून घेतली न दुसरी," त्या म्हणाल्या. "म्हणे, आमच्याकडचे येतील एखाद्या शनिवारी. बसा न भाऊ."

मी बसलो. समोर एक कडुनिंब आहे आणि सायकलचे दुकान. तू फोनवर दोन्ही सांगितले होतेस.

पुण्यास परतून चार दिवस झाले. पुस्तकांची खोकी अद्याप दिवाणखान्यात आहेत. प्रवास अवघड नाही. मी तो दोन वर्षे उशिरा केला. तुला माहीत असावे म्हणून लिहितो: खोली झाडून घेतली, खुर्च्या आत ठेवल्या, दाराला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या बोंद्रेकाकूंना परत केल्या.