मिशेरी म्हणजे तंबाखू नव्हे

आमच्या गावात तंबाखू पुरुष खातात. बायका मिशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची, की ती तंबाखू राहतच नाही; दात घासायची वस्तू होते. असला विचार करायला खास अक्कल लागते, आणि ती आमच्याकडे घरोघरी होती.

ऐंशीनंतरची ती वर्षं. व्यसनमुक्तीची पत्रकं वाटत मी रत्नागिरी तालुका तुडवत होते आणि घरी माझी काकू तिन्ही त्रिकाळ मिशेरी लावत होती. हिरड्यांतून रक्त यायचं, ठणकायचं. ठणकलं की पुन्हा मिशेरी, कारण तिने हिरडी बधिर होते. ज्याने दुखणं आणलं त्यालाच औषध म्हणायचं! माझं पत्रक काकूने डुगडुगणाऱ्या डब्याखाली घडी करून सारलं होतं. तेवढा तरी त्याचा उपयोग झाला.

मग एक दिवस पाण्याचा हंडा घेऊन घाटी चढताना तिच्या छातीत कळ आली. तिथेच जांभ्या दगडावर बसली, घामाने निथळत.

मी तिला शहरात एका बड्या डॉक्टरकडे नेलं. छाती तपासली, कार्डिओग्राम काढला. हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात, म्हणाला. जपलं नाही तर पुढची कळ शेवटची.

"तंबाखू खाता?"

"नाय हो," काकू म्हणाली. खोटं बोलली नाही ती.

"मिशेरी लावते," मी म्हटलं.

"ते दातांचं झालं. दाताच्या डॉक्टरला दाखवा."

तोंड उघडा, एवढंही म्हणाला नाही शहाणा. जणू हिरडीतलं रक्त एका बाईचं आणि काळजातलं दुसरीचं.

दाताच्या डॉक्टरने हिरडी दाबली तर पू आला. "हे रोज रक्तात उतरतंय," तो म्हणाला. "हिरड्या सडल्या की रक्तवाहिन्याही बिघडत असाव्यात, असा काही डॉक्टरांना संशय आहे. पक्कं अजून ठरलेलं नाही. पण तंबाखू दोन्हीकडे वाट लावते, हे पक्कं."

"पण मी तंबाकू खात नाय, डॉक्टर!"

"काकू," मला राहवेना, "बांगडा तव्यावर भाजला तर त्याचा भोपळा होतो काय गो?"

तोंडावर पदर धरून ती हसली. एसटीत गावापर्यंत जिभेने हिरड्या चाचपत होती. घरी आल्यावर मिशेरीचा तवा घासून तिने वर माळ्यावर टाकला.

गणपतीला काका मुंबईहून आला. बायकोसाठी तो दर खेपेला एकच वस्तू आणायचा: तंबाखूचा पुडा. लुगडं नाही, वहाणा नाहीत. एवढ्यात त्याचा संसार भागत होता.

"मी सोडली," काकू म्हणाली. "दातांचं काळजाला लागतं म्हणतात."

काका खो खो हसला. "दात कुठं, काळीज कुठं! उद्या म्हणतील, नखं वाढली म्हणून टक्कल पडलं. या पोरीच्या नादी लागू नको गो." मग जरा ओशाळून, "मग तुला आणू तरी काय?"

"बुरूस आणा."

शिमग्याला आणलान खरा. पिशवीतून लाल ब्रश काढून त्याने ऐटीत सगळ्यांना दाखवला. ब्रशाखाली पुडा होताच.

काकूने ब्रश खिडकीत ठेवला. पुडा घेऊन ती मागच्या परड्यात गेली आणि शेणाच्या खड्ड्यात उपडा केला.

"अगो, मिशेरीची हाय ती!" काका ओरडला.

"तंबाकू हाय ती," काकू म्हणाली आणि हात धुवायला गेली.