कतारमधला कापणीचा सण

मुंबईहून दोह्याला निघाले तेव्हा पिशवीत लेकीसाठी बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी होती, आणि डोक्यात बिशपसाहेबांशी झालेलं भांडण. चटणी विमानतळावरच्या तपासणीत सुटली. भांडण काही सुटलं नाही, ते माझ्याबरोबर आखातात आलं.

भांडण असं. नगर जिल्ह्यात आमच्या गावी एक लहान दगडी चर्च आहे. माझ्या लग्नाच्या वेळी रविवारी तिथे उशिरा आलेल्याला बाहेर उभं राहावं लागे. पुढे तरुण मंडळी पुण्याला गेली, काही आखातात गेली, काहींना टाळ्या वाजवायच्या नव्या प्रार्थनासभांची गोडी लागली. आमच्या धर्मप्रांताची (एका बिशपच्या देखरेखीखालचा सगळा मुलूख) तिजोरी रोडावली आणि पाळकांचे (चर्चच्या धर्मगुरूंचे) पगार रखडू लागले. आमच्या पाळकसाहेबांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चर्चला कुलूप लागलं. आता ते कायमचंच बंद करून आम्हाला तालुक्याच्या चर्चला जोडायचं घाटत होतं. मी धर्मप्रांताच्या समितीवर आहे आणि जन्मभर शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. "आम्हाला पाळक द्या, मग बघा," असं मी प्रत्येक बैठकीत ऐकवत होते. बिशपसाहेब शांत माणूस. शेवटी ते म्हणाले, "बाई, पाळक आणू कुठून? तुम्ही लेकीकडून परत या आणि तुम्हीच सांगा काय करायचं." तावातावाने भांडणाऱ्याला असं उत्तर मिळालं की फार पंचाईत होते.

मी मात्र मनात बेत आखला होता. आमच्या गावची चार पोरं कतारमध्ये कामाला होती. त्यांना गाठायचं आणि बिशपसाहेबांना फोन करून सांगायला लावायचं, की आमचं चर्च बंद करू नका.

दोह्याच्या विमानतळावर जावई अविनाश न्यायला आला होता. तो रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर आहे आणि राहायला उत्तरेला अल खोर नावाच्या समुद्रकाठच्या गावात. रस्ताभर जिकडे पाहावं तिकडे क्रेन, खणलेली जमीन आणि पिवळ्या टोप्या. फुटबॉलचा विश्वचषक यायला अजून अवकाश होता, पण देशाची अवस्था लग्नघरासारखी झाली होती. भिंती रंगवणं चालू, मांडव अर्धा, आणि यजमानांना जेवायला फुरसत नाही. अल खोरच्या अलीकडे सपाट वाळूत एक अवाढव्य तंबू दिसला. मला वाटलं, कुणा शेखाच्या घरचं कार्य असेल. अविनाश हसला. "आई, ते स्टेडियम आहे."

पहिले काही दिवस अगदी सुखात गेले. अविनाश पहाटे कंपनीच्या बसने जाई. मग मी आणि लेक स्नेहल निवांत गप्पा मारत बसायचो. नात इवा माझं सगळं मराठी समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. मीही हट्टाने मराठीच बोलत राहिले, आणि आमचं छान जमलं. एका सकाळी शेजारच्या सुदानी बाईंनी बलालीत (गोड शेवया आणि त्यावर अंड्याचं ऑम्लेट) पाठवलं. गोड शेवयांवर अंडं ही कल्पना मला आधी रुचली नाही. दुसऱ्या घासाला रुचली, आणि मग मी इवाच्या वाटणीचंही खाल्लं.

गावाजवळ खाडीत तिवरांचं बन आहे. वाळवंटात असं हिरवंगार काही बघून मला इतका आनंद झाला की चपला न काढता मी चिखलात उतरले. डावी चप्पल तिथेच रुतली. मी ओढतेय तोवर उजवीही गेली. जाळं आवरणारा एक बांगलादेशी कोळी धावत आला, कोपरापर्यंत हात घालून त्याने दोन्ही वर काढल्या.

"अम्मा, पानी चढ़ रहा है. यल्ला, बाहर चलो."

मी आभार मानत त्याला शुक्रन म्हटलं. अरबी बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. तो म्हणाला, "हिंदी चलेगा, अम्मा."

शुक्रवारी आम्ही दोह्याला निघालो. इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे उपासनाही शुक्रवारी. शहराच्या कडेला चर्चसाठी एक आवार नेमून दिलेलं आहे. बाहेरून क्रूस दिसत नाही, फाटकावर पिशव्या तपासतात. आत शिरलं की मात्र एका दारातून मल्याळम गाणं, दुसऱ्यातून फिलिपिनो, तिसऱ्यातून तमिळ. एका इमारतीतली खोली ठरलेल्या वेळेपुरती मराठी मंडळींना मिळते. आधीचे लोक निघतात न निघतात तोच आपण सतरंज्या घालायच्या.

दारात दानियल साळवे उभा होता. आमच्या गावचा, माझ्या हाताखाली शिकलेला. आता हमद पोर्टवर क्रेन चालवतो. "सलाम बाई," म्हणून तो वाकला तेव्हा मला भरून आलं. खोलीत माणसं बेताचीच होती. स्टेडियमची कामं उरकत आली तशी पोरं गावाकडे परतू लागली होती, असं तो म्हणाला. म्हणजे गळती इथेही होतीच.

"पाळक कोण आहेत तुमचे?" मी विचारलं.

"पाळक न्हाय बाई. ज्याची पाळी त्यानं उपासना घ्यायची. इंग्रज पाद्री कधीमधी येतो प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षरस द्यायला. खलास."

मी लगेच माझा बेत सांगितला. दानियलने ऐकून घेतलं आणि मान खाजवली.

"फोन करू की. पन बिशपसाहेब इचारतील, रविवारी तिथं बसतं कोन? मी काय सांगू, मी तर पोर्टावर असतो? आन् माझी आई बसायची, तर तिला कुलूप. गुडघ्यानं अधू, ती काय तालुक्याला जाती?"

तेवढ्यात पेटी वाजली आणि उपासना सुरू झाली.

त्या दिवशी कापणीचा सण होता. आमच्याकडे पीक निघालं की पहिला वाटा चर्चमध्ये नेतात. धान्य, अंडी, कोंबड्या, भोपळे. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि ईर्षेने बोली लागते. एकेक लिंबू दिवाळं काढतं. इथे ना शेत ना कोंबडी, तरी टेबल भरलं होतं. लांबच्या दुखान गावाहून आलेल्या एका जोडप्याने गॅलरीतला कढीपत्ता आणला होता. कुणी पुदिना, कुणी मेथीची जुडी. दानियलने कामगारांच्या खोल्यांमागे रंगाच्या रिकाम्या बादलीत, एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्यावर वांग्याचं रोप वाढवलं होतं. त्याचं एकच वांगं टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. चांगलं भरताजोगं होतं.

लिलाव दानियलच पुकारत होता, हातात लाटणं घेऊन. मी मागे इवाला कापणीचा सण समजावून सांगत होते, त्यामुळे पुढे काय बोलतात तिकडे लक्ष नव्हतं. वांगं वर उचललेलं तेवढं दिसलं आणि गावाकडची सवय उसळून आली.

"पाचशे!" मी ओरडले.

सगळे पोट धरून हसू लागले. स्नेहलने कपाळाला हात लावला.

"बाई, हितं पैसा चालत न्हाय," दानियल म्हणाला. "वर्गणीबिर्गणी गोळा करायला परवानगी लागती. आमी कामाची बोली लावतो. मेथी सतरंज्या घालायच्या कामावर गेली. कढीपत्त्यावर आपल्या अविनाशरावांनी कामगार कॅम्पातल्या पोरांना गाडीनं आनायचं घेतलं. तुमी काम बोला."

मी म्हटलं, मी पाहुणी, आठवडाभराने जाणार, मी कसलं काम बोलणार? वांगं राहू द्या.

"बोललेली बोली मागं घेत न्हाईत बाई. तुमीच शिकवलंय."

सगळे माझ्याकडे बघत होते, त्यात ती गावची चार पोरंही होती. आपापल्या पाळीला उपासना घेणारी, दिवसभर लोखंडाशी झगडून गीतं बसवणारी. आणि मी इतके दिवस बिशपांकडे पाळक मागत बसले होते. मला स्वतःचा राग आला. आपण काय बोलतोय ते कळायच्या आत मी बोलून गेले.

"गावचं चर्च मी दर रविवारी उघडीन. उपासना मी घेईन. पाळक येवोत न येवोत."

या वेळी कुणी हसलं नाही. दानियलने सगळीकडे नजर फिरवली. "याच्यावर कुनाची बोली?" कुणाचीच नव्हती. "एक वार, दोन वार, तीन वार," म्हणून त्याने लाटणं आपटलं आणि वांगं माझ्या हातात दिलं. त्याचे डोळे भरले होते. माझेही.

रात्री स्नेहलने त्या वांग्याचं भरीत केलं आणि मी बाजरीच्या भाकरी थापल्या. अविनाश म्हणाला, इतकं महाग वांगं त्याने आजवर खाल्लं नव्हतं. मी हसले खरी, पण मनात धास्ती होती. जन्मभर मुलांसमोर बोलले. देवाच्या घरात मात्र मी कधी पुढे उभी राहिले नव्हते, आणि माझा गाण्याचा आवाज म्हणजे विचारू नका.

परतल्यावर बिशपसाहेबांना सरळ सांगितलं, "पाळक नको. किल्ली द्या." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. जमेल का, असं विचारलं. मी म्हटलं, लिलावात बोलले आहे, आता माझ्या हातात नाही. समितीत थोडी कुजबुज झाली. पण महिन्यातून एकदा तालुक्याचे पाळक प्रभुभोजनाला येतील आणि एरवी मंडळींनी आपलं आपण सांभाळावं, असं ठरलं. किल्ली बिशपसाहेबांनी स्वतः काढून दिली.

पुढच्या रविवारी मी लवकर निघाले. आपण एकट्याच असू, रिकाम्या भिंतींसमोर शास्त्रपाठ वाचू, अशी मनाची तयारी केली होती. चर्चजवळ आले तर गीताचा आवाज ऐकू आला. बंद दारासमोरच्या पायऱ्यांवर दानियलची आई बसली होती, शेजारी अजून काही म्हातारी मंडळी, डोईवर पदर घेतलेल्या बाया. गीत संपेपर्यंत कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं, आज उघडणार म्हणून?" मी विचारलं.

"कुनी न्हाय," दानियलची आई म्हणाली. "कुलूप लागलं तवापासून आमी हितंच बसतो दर रविवारी. तू रविवारी तालुक्याच्या चर्चला जायचीस, तुला कसं ठावं असनार?"

मी कुलूप काढलं. तिला हात देऊन उठवलं, आणि मग त्या सगळ्यांच्या मागून आत गेले.